तीन बोलपट आणि त्यांचे शेवट

बोलपट पाहून घरी परतणाऱ्या मंडळींच्या बोलण्याकडे लक्ष दिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. गाण्यांविषयी फारसा मतभेद होत नाही. नटनटींविषयी होतो, पण तो आवडीनिवडीचा असल्यामुळे लवकर निवळतो. निवळत नाही तो शेवटाविषयीचा वाद. अमक्याने मरावयास नको होते, तमकीचे लग्न लावून द्यावयास हवे होते, इतके सारे सोसल्यावर तिच्या पदरात काय पडले, असे प्रश्न जेवणाच्या पानावर निघतात आणि हात वाळले तरी मंडळी उठत नाहीत. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचे 'कुंकू' (१९३७), 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) हे तीन बोलपट असा वाद घालण्यास फार सोईचे आहेत. तिन्हींचे दिग्दर्शक एकच, व्ही. शांताराम. तिन्हींचे विषय समाजातले. आणि तिन्हींच्या शेवटी मृत्यू अथवा बंदिवास आहे. ऐंशी वर्षे उलटून गेली, तरी त्यांतला एकही शेवट सर्वांनी बिनतक्रार मान्य केला आहे असे म्हणवत नाही.

आपल्याकडील जुन्या नाट्यविचारात या प्रश्नाला मानाचे स्थान होते. भरताने कथानकाचे जे पाच संधी सांगितले, त्यांतला अखेरचा निर्वहण. मागे विखुरलेली सर्व बीजे तेथे एका ठिकाणी आणावयाची असतात. त्यानंतर भरतवाक्य म्हणजे सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना आणि मग पडदा. शोकान्त नाटक संस्कृतात जवळजवळ नाही. भासाच्या नावावरील 'ऊरुभंग' हा ठळक अपवाद. मराठी प्रेक्षकाला मात्र दोन्ही चवी ठाऊक होत्या. देवलांच्या 'शारदे'त तो नायिकेच्या सुटकेने समाधान पावून घरी गेला होता आणि १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सिंधू व सुधाकर या दोघांचे मरण डोळ्यांनी पाहून, रडून, पुन्हा पहावयास गेला होता. तेव्हा शेवट गोड असावा की कडू, एवढ्यावर वाद थांबवणे त्या प्रेक्षकावर अन्याय करण्यासारखे आहे. कथेने आरंभी जो प्रश्न उभा केला, त्याच प्रश्नाचे उत्तर शेवटी मिळते, की भलत्याच प्रश्नाचे उत्तर देऊन कथाकार हात झटकतो, हे पहावयाचे.

हात झटकण्याचे एक उदाहरण फार प्रसिद्ध आहे. जर्मन दिग्दर्शक मुर्नाव यांचा 'द लास्ट लाफ' या नावाने इंग्रजीत गाजलेला मूकपट १९२४ सालचा. त्यात एका मोठ्या हॉटेलच्या दारावरील वृद्ध दरवान म्हातारपणामुळे आपल्या झोकदार गणवेशाला मुकतो आणि त्याला शौचकूपाच्या खोलीत पाणी व पंचे देण्याचे काम मिळते. गोष्ट तेथे अंधारात संपावयास हवी. ती संपतेही. पण इतक्यात पडद्यावर अक्षरे उमटतात. साऱ्या मूकपटात निवेदनाची पाटी म्हणून असलेली ही एकच. लेखकाला त्या म्हाताऱ्याची दया आली असून त्याने एक न घडण्याजोगा शेवट जोडला आहे, अशी कबुलीच तीत दिलेली आहे. पुढे म्हातारा एका धनवानाचा वारस ठरतो आणि त्याच हॉटेलात पंचपक्वान्ने झोडतो. प्रेक्षक हसतात. आपण फसवले जात आहो हे जाणून हसतात, म्हणून ती फसवणूकही रुचते. सर्वांना मात्र ही पाटी लावण्याचे धैर्य होत नाही. पुष्कळ बोलपटांत दयेचा शेवट हाच खरा शेवट म्हणून गळी उतरवला जातो.

आता 'कुंकू'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला. हिंदी आवृत्तीचे नाव 'दुनिया न माने'. नीरा ही शिकलेली, आईबापांवाचून वाढलेली मुलगी. तिला फसवून काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधण्यात येते. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाही. हे लग्न आपल्याला मान्य नाही, असे ती त्याच घरात राहून, त्याच चुलीपुढे बसून, दररोज सांगत राहते. सावत्र मुलाच्या चाळ्यांना ती छडीने उत्तर देते. या बोलपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते प्रसंगातच उत्पन्न होणारे ध्वनी. त्यामुळे घरातली शांतता जड वाटते आणि केशवराव दाते यांच्या काकासाहेबांचा एकेक सुस्कारा ऐकू येतो. शेवटी काकासाहेबांचा जीव पालटतो. समाजकार्य करणाऱ्या विधवा मुलीने (ही भूमिका रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी केली होती) नीरेची बाजू घेतल्याने त्या पालटाला बळ मिळते. काकासाहेब आत्महत्या करतात आणि जाताना नीरेला पुनर्विवाहाची मोकळीक व आशीर्वाद ठेवून जातात.

आक्षेप उघड आहे. लढली नीरा, आणि सुटका दिली काकासाहेबांनी. इतका वेळ जी आपल्या बळावर उभी होती, तिला शेवटी स्वातंत्र्य मिळते ते दान म्हणून. शिवाय प्रेक्षकांचे डोळे ओलावतात ते म्हाताऱ्यासाठी. दात्यांचा अभिनय इतका खोल उतरला आहे की, शेवटच्या भागात बोलपट नीरेचा न राहता काकासाहेबांचा होतो. ज्याने अपराध केला त्याच्या पदरात करुणा पडते, आणि जिच्यावर अन्याय झाला ती एका बाजूला उभी राहते.

या आक्षेपाला उत्तर मिळते ते कायद्याच्या पुस्तकात. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात नीरेसारख्या उच्चवर्णीय हिंदू पत्नीला घटस्फोटाचा मार्गच नव्हता. बडोदे संस्थानाने १९३१ साली तसा कायदा केला होता, पण तो संस्थानापुरता. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा हक्क १९४७ साली मिळाला आणि साऱ्या देशाला लागू होणारा हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा व मुलाचे अठरा अशी खालची मर्यादा घातली. वरच्या मर्यादेविषयी तो मूक होता. साठी गाठलेल्या नवऱ्याने विशीच्या आतबाहेरची वधू केली, तर कायद्याची काडीही मोडत नव्हती. अनेक जातींत काडीमोडाची व पाटाची रूढी होती, म्हणजे ज्यांना मागासलेले म्हटले जाई त्यांच्या लेकीसुनांना जी वाट मोकळी होती, ती वकिलाच्या सुशिक्षित पत्नीला नव्हती! तिला उघडे असलेले दार एकच, आणि ते १८५६ च्या कायद्याने उघडलेले विधवाविवाहाचे. नवरा जिवंत असेतो ती बांधलेली. तो मेला की दुसरे लग्न करण्यास मोकळी. त्या दारातही एक पायरी अडखळण्यासारखी होती. ज्या १९३७ साली हा बोलपट आला, त्याच साली हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत मुलाइतका हिस्सा उपभोगण्याचा हक्क देणारा कायदा झाला. पण तिने पुनर्विवाह केला, तर १८५६ च्याच कायद्याने पहिल्या पतीच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपत असे.

काकासाहेब वकील आहेत, ही गोष्ट येथे विसरू नये. आपल्या हातून घडलेला अन्याय कागदावर पुसता येत नाही हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास कळणार? पत्नीला मोकळी करण्याचा कायद्याला मान्य असलेला एकच उपाय आपल्या हाती आहे, तो म्हणजे आपण नाहीसे होणे, असा निष्कर्ष त्यांना काढावा लागतो. तेव्हा हे मरण कथाकाराने सोईसाठी आणलेले नाही. समाजाने व कायद्याने दुसरी वाटच ठेवलेली नव्हती. ज्या कुंकवासाठी बायका देवाला साकडे घालतात, ते पुसले गेल्यावाचून या स्त्रीची सुटका नाही, हा त्या नावातला विखार शेवटच्या प्रसंगाआधी पुरतेपणी कळत नाही.

या ठिकाणी 'शारदे'ची आठवण येणे अपरिहार्य आहे. १८९९ च्या त्या नाटकात भुजंगनाथ हा जरठ आणि शारदा ही बालिका. लोभी कांचनभट मुलगी विकावयास निघालेला. लग्न मोडते ते वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस आल्यामुळे. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण थोडा विचार केला तर मन बेचैन होते. भुजंगनाथाचे गोत्र निराळे असते तर? नाटकाने प्रश्न विचारला वयाच्या विजोडपणाचा, आणि उत्तर दिले गोत्राचे. देवलांच्या पद्यांची गोडी व त्या नाटकाने केलेली जागृती यांचे मोल कमी होत नाही, पण शेवटापुरते बोलावयाचे तर 'कुंकू' हे 'शारदे'च्या पुढचे पाऊल आहे. तेथे विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर दिले आहे, मग ते कितीही कडू असो. एवढे मात्र खरे की, नीरेला शेवटी बोलावयास मिळावयास हवे होते. कायद्याने दार बंद केले होते, तोंड बंद केले नव्हते.

'माणूस' समजून घेण्यासाठी आधी 'देवदास'कडे वळावे लागते. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने प्रमथेश बारुआ यांच्या दिग्दर्शनाखाली १९३५ साली शरच्चंद्रांची ही कादंबरी पडद्यावर आणली. बंगालीत बारुआ स्वतः, हिंदीत सैगल. प्रेमात हरलेला तरुण मद्याच्या आहारी जातो आणि अखेर पारोच्या सासरच्या दाराशी येऊन प्राण सोडतो. तिची नि त्याची भेट होत नाही. हा शेवट लोकांच्या मनात इतका रुतला की १९५५ साली बिमल रॉय यांनी आणि २००२ साली संजय लीला भन्साळी यांनी तीच कथा पुन्हा घेतली, आणि दोन्ही वेळा धावत येणाऱ्या पारोपुढे वाड्याचे दार बंद झाले. ज्याला मरणाच्या क्षणीही दार उघडे मिळत नाही, त्याच्यावर कोण रागावणार? देवदासने केलेल्या दुबळेपणाचा सारा हिशेब त्या बंद दारापाशी माफ होतो.

शांताराम यांना ही माफीच खुपली. तरुणांनी निराशेच्या नशेत झिंगावे हे त्यांना मान्य नव्हते, आणि 'माणूस' हे त्यांचे उत्तर होते. नायक जमीनदाराचा मुलगा नव्हे, पोलीस शिपाई. शाहू मोडक यांचा गणपत धाडीच्या वेळी मैना या वेश्येला वाचवतो. शांता हुबळीकर यांची मैना हसरी, फटकळ आणि आतून भेदरलेली. दोघांचे मन जुळते. गणपत तिला त्या नरकातून काढून माणसांत आणू पाहतो. पण त्याच्या भाविक आईपुढे उभे राहताना तिचा धीर सुटतो, आणि ती परत फिरते. पुढे स्वतःला छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो. तिला जन्मठेप होते. गणपत तिला पळवून नेण्यास तयार असतो, पण ती नकार देते.

यावर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे तोडून टाकण्याजोगे नाही. ते म्हणतात, मैनेला तुरुंगात धाडून दिग्दर्शकाने स्वतःची सुटका करून घेतली. शिपाई वेश्येशी लग्न करून तिला घरी आणतो, तुळशीपुढे दिवा लावावयास सांगतो, असे दाखवण्याचे धाडस १९३९ साली झाले नाही. म्हणून मध्येच एक खून आला. देवदास मेला, गणपत जगला हे खरे, परंतु गणपतच्या जगण्याचे मोल मैनेने चुकवले. पुरुषाला जीवनाचा संदेश आणि स्त्रीला कोठडी, ही वाटणी बरोबर आहे काय?

खुनाचा प्रसंग घाईचा आहे हे कबूल करावे लागेल. मामाचे दुष्टपण आधीपासून पेरलेले असले, तरी त्याच्या मरणाची वेळ कथाकाराच्या सोईची आहे. नकाराची गोष्ट मात्र वेगळी. बोलपटात अगोदर मैना 'कशाला उद्याची बात' हे अनेक भाषांत फिरणारे गाणे म्हणते. अड्ड्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकांना रिझवण्यासाठी ते आहे. प्रांतोप्रांतीचे गिऱ्हाईक, म्हणून प्रांतोप्रांतीची भाषा. पण उद्याचा विचार न करणे हाच तिच्या जगण्याचा आधार आहे. जिला उद्या नाही तिला आज हसता येते. तीच मैना जन्मठेपेचे असंख्य उद्या डोळ्यांपुढे दिसत असताना पळून जाण्यास नाही म्हणते. दुसऱ्या कोणी लादलेली नाही अशी, तिच्या आयुष्यातली ही पहिली निवड आहे. आईपुढे ती जशी भेदरून पळाली, तशी येथे पळत नाही. गणपतने पळवून नेले असते, तर तो शिपाई राहिला नसता आणि ती पुन्हा लपणारी झाली असती. नीरेला जे मिळाले नाही, शेवटचा शब्द स्वतः बोलण्याचा हक्क, तो मैनेला मिळाला आहे. या एका कारणासाठी 'माणूस'चा शेवट तिघांत सरस मानावा लागतो.

आणखी एक गोष्ट. या बोलपटाच्या मध्यभागी गणपत व मैना यांना एका चित्रपटाचे चित्रीकरण चाललेले आढळते. झाडाखाली नायक-नायिका गोडगोड प्रेमगीत म्हणत आहेत. बॉम्बे टॉकीजच्या धाटणीची ती थट्टा होती. प्रेक्षक पोट धरून हसतात. पण त्या थट्टेत एक सूचना आहे. झाडाखालच्या त्या जोडप्याचे जसे होते, तसे या दोघांचे होणार नाही, हे दिग्दर्शकाने तेथेच सांगून ठेवले. ज्यांनी ते ऐकले, त्यांना शेवटी धक्का बसला तरी फसवणूक वाटत नाही.

'शेजारी'ची गोष्ट याहून मोठ्या पटावरची. विश्राम बेडेकर यांची पटकथा. जिवबा आणि मिर्झा हे एका गावातले दोन वृद्ध, एक हिंदू व एक मुसलमान, जन्माचे शेजारी. गावात धरण बांधू पाहणारा धनिक येतो. त्याच्या मार्गात ही मैत्री आडवी येते, म्हणून तो तिच्यात वितुष्ट पेरतो. वैर वाढत जाते. अखेरीस सुरुंगाने धरण फुटते, आणि कोसळणाऱ्या बांधावर, खवळलेल्या पाण्यात, दोघे मित्र एकमेकांचा हात धरून बुडतात.

त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांनी साधलेला तो जलप्रलय आजही पाहणाऱ्याला बसल्या जागी पुढे ओढतो. तरीही तक्रार राहते, ती या प्रलयाच्याच आवाजाविषयी. दोन वृद्धांना एकमेकांची क्षमा मागावयाची होती. काय चुकले, कोणी कान भरले, आपण ते का ऐकले, हे बोलावयाचे होते. ते बोलणे पाण्याने वाहून नेले. मरणाच्या उंबरठ्यावर हात हातात घेणे सोपे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी एकमेकांच्या ओसरीवर जाऊन बसणे अवघड. प्रभातच्याच 'संत तुकाराम'चा (१९३६) शेवट याच्या शेजारी ठेवून पहावा. तेथेही मोठा देखावा आहे. गरुडाच्या आकाराचे विमान तुकोबांना घेऊन आकाशात चढते. पण तो शेवट प्रेक्षक घरून निघतानाच बरोबर घेऊन आलेला असतो. आणि दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयाने विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांइतकेच गौरीच्या आवलीला जपले आहे. नवरा वैकुंठाला निघाला, संसार मागे राहिला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसते म्हणून विमानाचा देखावा पोकळ वाटत नाही. 'शेजारी'त मागे कोण राहिले याकडे पहावयास पाण्याने सवड दिली नाही.

मात्र वर्ष लक्षात घेतले की तक्रारीचा सूर खाली येतो. १९४० च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगने आपला ठराव मांडला होता, आणि 'शेजारी' १९४१ साली पडद्यावर आला. या वैराला गोड शेवट देणे तेव्हा सहज शक्य होते. गावकरी शहाणे झाले, धनिकाने क्षमा मागितली, सर्वांनी मिळून धरण बांधले, टाळ्या! शांताराम व बेडेकर यांनी ते केले नाही. समेट होतो, पण उशिरा होतो. मैत्री परत मिळते, पण तिला राहावयास घर उरत नाही. १९४१ च्या प्रेक्षकाने हा शेवट हृदयद्रावक म्हणून पाहिला. १९४७ नंतर तो पाहणाऱ्याला उशिरा या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागला नाही.

प्रभातसाठी शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा अखेरचा बोलपट. १९४२ साली ते कंपनीतून बाहेर पडले. पुढेही त्यांच्या कथांतून भल्या माणसाचे मरण सुटले नाही. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'त (१९४६) ते इतिहासानेच दिले होते, तर 'दो आँखें बारह हाथ'मध्ये (१९५७) कैद्यांना सुधारणारा अधिकारी शेवटी प्राणाला मुकतो. या सवयीला कोणी वैगुण्य म्हणेल, आणि प्रत्येक वेळी तसे म्हणणे चूकही ठरणार नाही.

'शेजारी'च्या त्या बुडत्या बांधाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. मराठीत जिवबा केशवराव दाते यांनी केला आणि मिर्झा गजानन जागीरदार यांनी. त्याच वेळी 'पडोसी' या नावाने हिंदी आवृत्ती निघाली. तीत मिर्झा पुन्हा जागीरदारच होते, आणि हिंदू ठाकुराची भूमिका मजहर खान यांनी केली. दाढी लावलेला हिंदू नट आणि कपाळी गंध लावलेला मुसलमान नट एकमेकांचा हात घट्ट धरून उभे आहेत, आणि पाणी वर चढत आहे. लाहोरपासून मद्रासपर्यंत लोकांनी पाहिला तो शेवट हा होता.